नातवंडाची तारीख

दुधापेक्षा दुधावरची साय गोड. नातवंड मांडीवर आले, की म्हातारपणाचा भार हलका होतो. आम्हीही आजोबा झालो, तेव्हा गावभर पेढे वाटले. पण पेढ्यांबरोबर एक काम विसरू नये.

आपला जन्म कधीचा? कोणी सांगतो, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळचा. कोणी सांगतो, १९७२ च्या दुष्काळातला. नेमका दिवस ठाऊक नाही. शाळेत घालताना अंदाजाने १ जून लिहीत. म्हणून पुष्कळांचा जन्मदिवस १ जूनच!

नातवंडाचे असे होऊ नये. मुलगा असो वा मुलगी, २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी. १९६९ चा कायदाच तसा आहे. बाळ दवाखान्यात जन्मले, तर दवाखाना कळवतो. घरी जन्मले, तर घरच्या कर्त्या माणसाने ग्रामपंचायतीत जाऊन सांगावे. बारशासाठी थांबू नये. नाव मागाहून घालता येते. वर्षाच्या आत त्याला पैसे पडत नाहीत.

दाखला हाती आला, की घडी घालून पेटीत टाकू नका. आधी वाचा. तारीख बरोबर आहे का? आईबापांची नावे नीट आहेत का? चूक दिसली, तर तिथेच सांगा.

आता आपल्याला वाचता येते. नातवंडाचे नाव आपणच वाचावे आणि आजीला ऐकवावे. तो आनंद पेढ्याहून गोड.