हिरड्यांचा रोग आणि ओझोन वायू

सकाळी चूळ भरताना थुंकीत रक्त दिसते. भाकरी चावताना हिरडी दुखते. तोंडाला घाण वास येतो. पुष्कळ लोक म्हणतात, "उष्णता झाली असेल. जाईल आपोआप."

मंडळी, ही उष्णता नव्हे. हा हिरड्यांचा रोग आहे. तो बळावला म्हणजे लोक त्याला पायोरिया म्हणतात. वेळीच उपाय केला नाही, तर चांगले न किडलेले दातही पडतात.

रोग कसा होतो?

दातांवर रोज एक पांढरट, चिकट थर बसतो. त्यात असंख्य जंतू असतात. दात नीट घासले, तर हा थर निघून जातो. तसाच राहिला, तर लाळेतल्या क्षारांमुळे तो दगडासारखा कठीण होतो. यालाच दातांचे कीट म्हणतात.

कीट हळूहळू हिरडीखाली उतरते. हिरडी लाल होते, सुजते. दात आणि हिरडी यांच्यामधली फट खोल होत जाते. निरोगी हिरडीत ही फट फार तर ३ मिलिमीटर खोल असते. रोग जोरात असला, की ती ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल होते. तिच्यात जंतू वाढतात, पू होतो. दाताला धरून ठेवणारे हाड झिजते.

गोठ्यातली मेढ जमिनीत घट्ट पुरलेली असते. बुडाची माती खचली, की मेढ हलू लागते. दाताचेही तसेच. मेढ चांगली असते, पण माती गेलेली असते.

ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासातून जो प्राणवायू घेतो, त्याचे दोन अणू जोडलेले असतात. तीन अणू जोडले गेले, की ओझोन होतो. त्याला उग्र वास असतो. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली या वायूला हे नाव दिले.

ओझोन जंतू मारतो, हे अगदी खरे. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ साली पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. म्हणून दातांच्या काही डॉक्टरांनी विचार केला, की हिरडीतले जंतूही याने मारावे. ते यंत्राने ओझोन तयार करतात. मग तो वायू, किंवा ओझोन मिसळलेले पाणी वा तेल, हिरडीच्या फटीत सोडतात.

आता कोणी म्हणेल, "मग काम झालं! कीट खरवडायची कटकट कशाला? ओझोन घेतला की बरं वाटेल." हे खरे धरावे काय? याचे उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे.

कापडवाल्याचा प्रयोग

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. तो स्वतः भिंगे घासून तयार करी. १६८३ साली त्याने आपल्या दातांमधला पांढरा मळ भिंगाखाली धरला. पाहतो तो काय! त्यात बारीक जीव वळवळत होते. त्याने त्यांवर शिर्का घालून पाहिला. जीव मेले. पण शिर्क्याने नुसते दात धुतले, तेव्हा थराच्या आतले जीव जिवंत राहिले. वरवरचे तेवढे मेले. शिर्का थराच्या आत शिरलाच नव्हता.

ओझोनचीही हीच अडचण आहे. जिथे तो पोचतो, तिथले जंतू मारतो. पण तो फार वेळ टिकत नाही, आणि कीट काही त्याने निघत नाही. कढईला करपलेले लागले असेल, तर नुसती विसळून काय उपयोग? ती आधी घासावी लागते.

खरा उपाय कोणता?

डॉक्टर हिरडी बधिर करतात. मग हिरडीखालचे कीट खरवडून काढतात आणि दातांची मुळे साफ करतात. रोग फार खोल असेल, तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर दर काही महिन्यांनी तपासणीस जावे लागते.

कीट काढण्याच्या जोडीला ओझोन दिला, तर काही चाचण्यांत थोडा जास्त गुण दिसला. काही चाचण्यांत काहीच फरक दिसला नाही. म्हणजे ओझोन फार तर जोडीदार. तो मुख्य गडी नव्हे. हा वायू श्वासात गेला, तर फुप्फुसांना अपाय होतो. म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याच्या नियमात त्याला विषारी वायू म्हटले आहे. घरी यंत्र आणून हा प्रयोग करू नये.

एक खोटी भीती

"कीट काढलं की दात ढिले होतात," असे गावोगाव ऐकू येते. हे चूक आहे. हाड आधीच झिजलेले असते. कीट निघाले, की तो ढिलेपणा कळतो, एवढेच. पुढे सूज उतरते आणि हिरडी दाताला पुन्हा बिलगते. मात्र झिजलेले हाड बहुधा परत भरून येत नाही. म्हणूनच उशीर करू नये.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तेथे कमी खर्चात उपचार होतात.

लक्षात ठेवा

१. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा. रात्री झोपण्यापूर्वी विसरू नका.
२. मशेरी, तंबाखू, विडी सोडा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या बिघडतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो.
३. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांना जास्त जपावे. साखर वाढली, की हिरड्या बिघडतात. हिरड्या बिघडल्या, की साखर आवरत नाही.
४. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. हलक्या हाताने घासा आणि डॉक्टरांना दाखवा.
५. कोणी नवा उपचार सांगितला, तर आधी विचारा, "कीट काढणार का?"

प्रश्न

१. दातांवर कीट कसे तयार होते?
२. शिर्क्याने दात धुतले, तरी थरातले जंतू का मेले नाहीत?
३. तुमच्या घरात कोणाच्या हिरड्यांतून रक्त येते? आजच विचारा.