पुलिकतला जाताय? सरोवर काठावरूनच बघा

चेन्नईला आलेल्या पाहुण्यांचं महाबलीपुरम झालं, की मी त्यांना उत्तरेला पुलिकतला पाठवते. तमिळनाडूच्या टोकाचं, आंध्रच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव चेन्नईपासून साठेक किलोमीटरवर आहे. तमिळमध्ये त्याला पळवेर्काडु म्हणतात. पाठवताना एक गोष्ट मात्र बजावून सांगते: तिथे नावेत बसायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला, मुलं रडली, तरी नाही.

नाताळच्या सुट्टीत ताई आणि भाऊजी मुलांना घेऊन आले होते, तेव्हाची गोष्ट. धक्क्याजवळ पोचताच नाववाल्यांनी गराडा घातला. मुखापर्यंत नेतो, पक्षी दाखवतो, माणशी इतके द्या. फायबरची अरुंद नाव, मागे मोटर, आडव्या टाकलेल्या दोन-तीन फळ्या आणि त्यावर आधीच दाटीवाटीने बसलेलं एक कुटुंब. जॅकेटं मागितली तर फळीखालून दोनच निघाली. त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. "ओण्णुम आगादु," नाववाला हसून म्हणाला. काही होत नाही. भाऊजींचंही तेच: "अगं, गुडघाभर तर पाणी आहे! ती बघ, माणसं मधोमध उभी राहून जाळी टाकतायत."

फसगत इथेच होते. चिलिकानंतरचं हे देशातलं दुसरं मोठं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर, पण सरासरी खोली जेमतेम मीटरभर. त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही भीती वाटत नाही. नावा मात्र लोकांना नेतात सरोवर समुद्राला मिळतं त्या मुखाकडे. तिथे भरती-ओहोटीचं पाणी अरुंद वाटेने आत-बाहेर करतं, ओढ जबर असते, आणि वाळूचे दांडे सरकत असल्याने आजची वाट उद्या असेलच असं नाही. 2011 साली, नाताळच्याच दिवशी, इथे सहलीची नाव उलटली आणि 22 माणसं बुडून मेली. नावेत माणसं जास्त आणि जॅकेटं नाहीत, हे त्या वेळचं चित्र. त्यानंतर पर्यटकांना नावेतून फिरवायला बंदी आली. तरी सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी विचारायला येतंच. नाववाल्यांवर मी चिडत नाही. मुख गाळाने भरत चाललंय, मासळी घटलीय, सुट्टीतल्या प्रवाशांचे चार पैसे त्यांना हवेच असतात. पण आपली मुलं आपणच सांभाळायची. भाऊजींना मी हे तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. ते थोडे रुसले, पण नावेत कुणी बसलं नाही.

मग बघायचं काय? गावच बघा, सकाळी. चेन्नई सेंट्रलहून गुम्मिडीपूंडीकडे जाणाऱ्या लोकलने पोन्नेरीला उतरा, पुढे बस मिळते. डचांनी 1613 साली बांधलेल्या गेल्ड्रिया किल्ल्याच्या नावावर जाऊ नका. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला तिथे काटेरी झुडपं आणि खंदकाच्या खुणा एवढंच दिसेल. पायात बूट नसतील तर झुडपात शिरूही नका. त्याऐवजी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या डच दफनभूमीत वेळ काढा. दारावरच दगडात कोरलेले दोन सांगाडे उभे आहेत. आत मोठमोठ्या शिळांवर घराण्यांची चिन्हं आणि डच अक्षरं इतकी खोल कोरलीत, की बोट फिरवलं तर अजून कडा लागतात.

हे दगड बघताना मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. इथून कापड जायचं तशी माणसंही जायची, गुलाम म्हणून, जहाजांत कोंबून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला). शिवाजी महाराजांनी 1677च्या कर्नाटक मोहिमेत डचांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात गुलामांच्या खरेदी-विक्रीला स्पष्ट मनाई केली. त्या वेळी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या डचांचं मुख्य ठाणं पुलिकतच होतं. महाराजांच्या दक्षिण स्वारीबद्दल आपण एवढं बोलतो, पण हा कौल क्वचितच कुणाच्या तोंडी येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पक्ष्यांचं. रोहित पक्ष्यांसाठी हिवाळ्यात या, आणि त्यासाठी आंध्रच्या बाजूला, श्रीहरीकोट्याच्या रस्त्याला जा. नकाशावर श्रीहरीकोटा पुलिकतच्या अगदी शेजारी दिसतं. पण गाडीने जाताना परत मागे येऊन गुम्मिडीपूंडी, आरंबाक्कम, तडा असा वळसा घालून सुळ्ळुरपेट गाठावं लागतं. दोन्ही एकाच दिवसात उरकायचा बेत करू नका, मुलं हैराण होतात. भाड्याची गाडी असेल तर आंध्रचं परमिट आहे ना, हे निघण्याआधी विचारा. हद्दीवर अडकून पडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. (ही हद्द ज्यांच्या निवाड्याने 1960 साली नव्याने आखली गेली, ते ह. वि. पाटसकर मराठीच. पोन्नेरी तालुक्यातली काही गावंही तेव्हा आंध्रात गेली.)

सुळ्ळुरपेटहून श्रीहरीकोट्याकडे जाणारा रस्ता थेट सरोवर ओलांडून जातो. पाणी योग्य असेल तर दोन्ही बाजूंना रोहितांचे थवे दिसतात, नावेची गरजच पडत नाही. गाडी कडेला घेऊन दुर्बिणीतून बघा. जवळ जायला चिखलात उतरू नका, वरून घट्ट दिसणारा चिखल पाय खेचतो. अवकाश केंद्राच्या फाटकापुढे परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ड्रोन तर घरीच ठेवा. पक्ष्यांची हौस असेल तर नेलपट्टूचं पक्षी अभयारण्यही गाठा. झोळीवाले पेलिकन पाण्यात उभ्या झाडांवर घरटी करतात, ती मनोऱ्यावरून नीट दिसतात.

परतताना कोळंबी किंवा चिंबोऱ्या घ्यायच्या असतील तर घरूनच बर्फाचा डबा न्या. आणि पक्ष्यांचा दिवस ठरवण्याआधी श्रीहरीकोट्याच्या रॉकेट प्रक्षेपणाची तारीख बघा. त्या दिवशी त्या रस्त्यावर गर्दी आणि बंदोबस्त इतका असतो, की पक्षी बघणं होत नाही.