दुसऱ्याच्या घरी जेवताना

हजीऱ्यास तापीच्या मुखाशी १९८० नंतरच्या दशकात कृभको आणि तेल व नैसर्गिक वायू आयोग यांचे प्रकल्प उभे राहिले, आणि नोकरीनिमित्त पुष्कळ मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांच्याबरोबर कोकणातली मासळी आली, तसे देशावरचे पिठले-भाकरही आले. शेजार मात्र गुजराती. त्यांत जैन व वैष्णव घरे बरीच. तेव्हा जेवणाचे आमंत्रण आल्यावर कसे वागावे, हा प्रश्न आपल्यापुढे केव्हातरी येतोच.

आम्ही आमचीच चूक सांगतो. एका जैन स्नेह्यांनी डिसेंबरात संध्याकाळी जेवावयास बोलावले. संध्याकाळ म्हणजे आठ, असे धरून आम्ही सावकाश गेलो. पाने मांडलेली होती, पण फक्त आमची. यजमान व भाभी आग्रहाने वाढीत होते. "तुम्हीही बसा ना," असे आम्ही चारदा म्हटले. दोघांनी हसून टाळले. त्यांचा चोविहार होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. आणि त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाहुण्यांआधी जेवायचे नाही म्हणून दोघे उपाशी राहिली, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाकडून कळले.

तेव्हापासून आम्ही प्रथम वेळ विचारतो, पदार्थांचे नंतर. अशा घरी कांदा, लसूण, बटाटा ही कंदमुळे नसतात. उंधियूदेखील कंदावाचून, कच्ची केळी घालून करतात. "कांदा नसूनही चांगले झाले," अशी पावती मात्र देऊ नये. (कांदेनवमीनंतर चातुर्मास पाळणारी घरे आपल्यातही आहेत, हे आपण विसरतो.) पानात टाकू तर मुळीच नये. कित्येक जैन वडीलधारी मंडळी ताट धुऊन ते पाणीही पितात. तेव्हा थोडेच वाढून घ्यावे. भेट म्हणून केक नेऊ नये, त्यात अंडे असू शकते; फळे न्यावीत.

आपल्यातील शाकाहारी मंडळींनी मासळीच्या घरी जाताना तसे आमंत्रणाच्या वेळीच सांगावे. पानावर बसल्यावर सांगितले तर गृहिणी कानकोंडी होते. तिने भांडी वेगळी ठेवली असतील, तर पळीची उलटतपासणी कशाला?

पुढच्या हिवाळ्यात त्याच स्नेह्यांनी पुन्हा बोलावले. आम्ही साडेचारालाच दारात हजर! भाभी अजून पुऱ्यांची कणीक तिंबीत होत्या. "एवढ्या लवकर?" म्हणून त्या हसल्या. मग आमच्या घरच्यांनी पोळपाट पुढे ओढला, आणि साडेपाचाला सगळ्यांची पाने एकदम मांडली.