कधी चालतो, कधी रुसतो : जुन्या गाडीच्या फ्युएल पंपाची तपासणी

वडवणी हे बीड-परळी रस्त्यावरचे गाव. त्यामुळे येथील गॅरेजवाल्यांकडे गावच्या गाड्यांबरोबर वाटेवरच्या गाड्याही येतात. उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "मिस्त्री, बीडहून निघालो तेव्हा गाडी चांगली होती. मध्येच झटके द्यायला लागली आणि बंद पडली. अर्धा तास उभी केली, पुन्हा चालू झाली." गॅरेजात आणावी तर गाडी एकदम ठणठणीत. अशा वेळी आपले अनेक कारागीर बांधव सरळ पंप बदलून मोकळे होतात. चार दिवस बरे जातात आणि गाडी पुन्हा तशीच रस्त्यात उभी. गिऱ्हाइकाचे पैसे गेले, मिस्त्रीची पत गेली. हीच गाडी एखाद्या रात्री अडलेल्या बाईला घेऊन बीडच्या दवाखान्याकडे निघालेली असू शकते. म्हणून आमचे सांगणे असे की, बिघाड प्रत्यक्ष चालू असताना पकडल्याखेरीज पंपाला हात लावू नये.

पाना हातात घेण्याआधी मालकाला विचारावे. गाडी बंद पडली तेव्हा टाकीत पेट्रोल किती होते? किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली? चढावर ओढ कमी होऊन, झटके देत बंद पडली की चावी फिरवल्यासारखी एकदम? झटके देत मरणारी गाडी बहुधा पेट्रोलवाचून मरते. एकदम मरणारी असेल तर आधी करंट पाहावा. आणखी एक प्रश्न विसरू नये : बंद पडल्यावर टाकीचे झाकण उघडले होते का, आणि उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला का? झाकणाचे किंवा टाकीच्या हवेच्या नळीचे छिद्र धुळीने बुजले की पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पंप कितीही चांगला असला तरी त्याला पेट्रोल ओढता येत नाही. असा दोष एका पैशाच्या सुट्या भागाविना बरा होतो.

आता गाडी कोणती ते पाहू. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० आणि तिच्या पाठोपाठच्या ओम्नी व्हॅनच्या जुन्या कार्बोरेटरच्या मॉडेलांत इंजिनावर बसणारा यांत्रिक पंप असतो. आपण त्याला ए.सी. पंप म्हणतो. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्याचा डायफ्राम खालीवर होतो व दोन व्हॉल्व्हच्या साहाय्याने पेट्रोल पुढे जाते. २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर एमपीएफआय गाड्या आल्या, त्यांचा पंप विजेवर चालतो आणि टाकीत बुडालेला असतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली व ओम्नीचे २०१९ साली थांबले, पण दोन्ही तऱ्हेच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. दोघांची तपासणी निराळी आहे.

ए.सी. पंपाच्या गाडीत कॉइलची मधली तार काढून अर्थ करावी, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरावा आणि सेल्फ मारावा. प्रत्येक ठोक्याला जोमदार पिचकारी आली पाहिजे. डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल पंपाच्या खालच्या छिद्रातून गळते किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल व पातळी वाढलेली असेल, तर पंपाबरोबर ऑइलही बदलावे, नाहीतर बेअरिंगे खाल्ली जातील.

पिचकारी चांगली असूनही गाडी दुपारीच बंद पडत असेल तर पेट्रोलची वाफ नळीत अडते आहे असे समजावे. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेले असल्याने तिला हा त्रास अधिक. बंद पडल्याबरोबर पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. दोन-चार मिनिटांत गाडी चालू झाली तर कारण उष्णता आहे. मग पंप व इंजिन यांच्यामधला बेकेलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे का पाहावे. पूर्वीच्या मिस्त्रीने तो फेकून नुसते पॅकिंग लावलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे.

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण येथेच चांगले चांगले फसतात. ही ओढण्याची बाजू असल्याने नळीला चीर असली तरी बहुधा पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून मिस्त्री निर्धास्त राहतो. पारदर्शक फिल्टर लावून पाहावे, बुडबुडे दिसले की नळी बदलावी. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. आपल्याच भागातला ऊस शेवटी टाकीत येतो म्हणायचा! पण जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नाही. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवते व पाणी ओढून घेते. म्हणून फिल्टर आधी, पंप नंतर.

विजेच्या पंपाचा दोष धरायला आमच्या मते सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. नेहमीचा छोटा टेस्ट लॅम्प येथे फसवतो. तारेचा एकच केस शिल्लक असला तरी तो पेटतो, पंपाला मात्र तेवढा करंट पुरत नाही. टाकीजवळच्या कपलरमध्ये पंपाच्याच दोन्ही तारांना (पेट्रोलच्या काट्याची तार वेगळी असते) फ्यूज लावलेल्या लांब तारा जोडून बल्ब डॅशबोर्डवर आणावा, शागीर्दाला शेजारी बसवावे आणि गाडी चालवावी. झटके आले तेव्हा बल्ब नीट पेटलेला असेल तर संशय पंपावर किंवा फिल्टरवर. बल्ब आधी मंदावला किंवा विझला, तर रिले, फ्यूज, कपलर किंवा मागची अर्थ तपासावी. चिखलाने गंजलेली अर्थ हा फार जुना शत्रू आहे. मात्र इंजिन आधी थांबून मग बल्ब विझला तर गडबडू नये. इंजिन थांबले की कॉम्प्युटर स्वतःच पंप बंद करतो, तेव्हा करंटकडे वळावे. बंद गाडीत टाकीच्या बुडाला हलकेच ठोकताच पंप गुणगुणू लागला, तर त्याचे ब्रश झिजले आहेत. असा पंप निःसंकोच बदलावा.

टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. शंभर-शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून फिरणारे आणि गॅसकिट लावून टाकी कोरडी ठेवणारे मालक तो जाळून घेतात, हे त्यांना बिल देताना सांगावे. टाकी उघडण्याआधी रिले काढून सेल्फ मारून दाब उतरवावा, बॅटरीची निगेटिव्ह काढावी, बिडी दूर. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या बांधवांनाही हे लागू आहे. असा लपलेला दोष थंड इंजिनावर गाडी दाखवून सहज झाकता येतो. धान्याच्या ढिगाखालचा ओलावा हाताने शोधून, तो वर का ठेवला नाहीस, असे रसूलुल्लाह (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांनी बाजारातल्या विक्रेत्याला विचारल्याची हदीस आपणा सर्वांना माहीत आहे. गाडीचा ऐब विकण्याआधी तोंडाने सांगावा, किंमत थोडी कमी घ्यावी. मिस्त्रीनेही तपासणीची मजुरी आधी ठरवून घ्यावी. दोन तास बल्ब घेऊन फिरणे हेही काम आहे आणि त्याची मजुरी पूर्ण हलाल आहे. काढलेला जुना पंप मालकाच्या हाती द्यावा.

काम झाल्यावर गाडी लगेच सोडू नये. तक्रार दुपारची असेल तर दुपारीच, टाकीत तेवढेच पेट्रोल ठेवून, तेवढीच माणसे बसवून तेलगावपर्यंत जाऊन यावे. बल्ब तोवर जोडलेलाच असू द्यावा.