ट्यूबमधला रंग आणि छोटी प्रतिकृती

व्यापारी व कारागीर बंधूंनो, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नव्या इमारती उठतात तशी बिल्डरच्या कार्यालयात काचेखाली इमारतीची छोटी प्रतिकृतीही मांडली जाते. हे बारीक हातकाम आहे आणि आपल्या मुलांना ते जमण्यासारखे आहे. प्रश्न पडतो तो रंगाचा.

परदेशी मॉडेल-रंगाची बाटली १७-१८ मिलीची असते आणि महाग पडते. चित्रकारांचा ॲक्रिलिक रंग, जसा कॅमलचा, ४० मिलीच्या ट्यूबमध्ये मिळतो. काम त्यानेही होते. परंतु जसाच्या तसा लावला तर माल बिघडतो.

हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. आमचा धंदा उल्हासनगरात कापडाचा. भाच्याने प्रतिकृतीचे काम घेतले, भांडवल आम्ही दिले, रंगाबाबत सल्लाही आम्हीच दिला. महिन्याभरात प्लास्टिकच्या गॅलऱ्यांवरून रंगाची सालपटे निघाली व माल परत आला. चूक आमची होती. कापड रंग पिते. प्लास्टिक पीत नाही. रंग त्याच्यावर नुसता बसतो. म्हणून त्याला बसायला जागा करून द्यावी लागते. ती अशी :

१) साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर तेलकटपणा राहतो. कोमट पाणी व साबणाने धुऊन पूर्ण वाळवावे.

२) प्रायमरचा पातळ हात द्यावा. थर्मोकोलवर फवाऱ्याचा प्रायमर मारू नये, थर्मोकोल विरघळतो. तेथे पाण्यात मिसळणारा प्रायमर ब्रशने लावावा.

३) ट्यूबमधला रंग मुद्दाम घट्ट केलेला असतो, कारण चित्रात ब्रशचा फटकारा दिसावा लागतो. प्रतिकृतीत मात्र त्याने खिडक्यांच्या कडा बुजतात. रंग दुधाइतका पातळ करावा. नुसते पाणी ओतत गेल्यास रंगाला धरून ठेवणारी राळ विरळ होते व पकड सुटते. म्हणून पाणी थोडे व जोडीला ॲक्रिलिक मीडियम घ्यावे.

४) एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत; पहिला वाळल्यावरच दुसरा. पिवळा व लाल रंग पुष्कळदा पारदर्शक असतात, त्यांच्याखाली पांढरा द्यावा.

५) काम चालू असताना ब्रश वाळू देऊ नये. वाळलेला ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही.

६) किमान एक दिवस वाळवून मॅट वार्निश लावावे. पावसाळ्यात अधिक वेळ द्यावा.

माल देण्यापूर्वी मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून ओढून पाहावी. रंग निघाला तर माल थांबवावा.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. न धुतलेल्या प्लास्टिकवरचा चकचकीत रंग म्हणजे तोच ढीग. नकळत झाले तर ती चूक; कळूनही माल दिला तर ती फसवणूक.

भाच्याने ते काम पुन्हा रंगवून दिले, जादा पैसे न घेता. नफा गेला, गिऱ्हाईक राहिले. पुढचे काम त्याच गिऱ्हाइकाने दिले, अल्हम्दुलिल्लाह.