पैजेची वाहिनी आणि घरची भाकर
(कौटुंबिक श्रद्धा-अभ्यास)



"आम्ही कुठे जुगार खेळतो? आम्ही तर फक्त मॅच बघतो आणि टीम लावतो." असे उत्तर हल्ली आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. पत्त्यांचा अड्डा, पोलिसांची धाड, लपूनछपून चालणारा व्यवहार, असे जुगाराचे जे चित्र त्याच्या मनात असते त्यातले काहीच त्याच्या हातातल्या मोबाईलवर दिसत नाही. म्हणून या रविवारी आपण थोडे मागे जाऊन पाहू या. जुगार आपल्या घरापर्यंत कोणत्या वाटेने आला आणि ख्रिस्तसभा त्याविषयी नेमके काय शिकवते, याचा हा अभ्यास आहे.

१. दोष घोड्याचा नाही

आपण खान्देशी माणसे घोड्याला परकी नाही. दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. दोंडाईच्याहून तो फार लांब नाही. तिथे दूरदूरचे व्यापारी येतात, घोड्याचे दात पाहतात, चाल पाहतात, अंगावरचे भोवरे पाहतात आणि मग सौदा करतात. यात पारख आहे, मेहनत आहे आणि देवाघेवाही आहे. एकाला जनावर मिळते, दुसऱ्याला त्याचा मोबदला मिळतो.

पैजेत असे होत नाही. तिथे घोडा कोणाच्या घरी येत नाही. फक्त एकाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात आणि देणाऱ्याला बदल्यात काहीच मिळत नाही. घोडा धावतो हे देवाच्या सृष्टीचे सौंदर्य आहे. त्याच्या पाठीवर आपण काय लादतो, हा खरा प्रश्न आहे.

२. जुगार घराजवळ कसा आला

मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ साली सुरू झाले. तिथल्या आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगारावर बंदी आली, पण परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारातल्या पैजेला त्यातून सूट मिळाली. म्हणजे कायद्याने जुगाराला एक कुंपण घातले होते. शिंदखेड्याच्या माणसाला घोड्यावर पैसे लावायचे असते, तर त्याला सुरतमार्गे मुंबई गाठावी लागली असती. गाडीभाडे, रात्रीचा प्रवास आणि घरी काय सांगायचे, हे तीन अडथळे होते. अडथळा माणसाला विचार करायला वेळ देतो.

दुसरी पायरी मटक्याची. आणि इथे आपल्या कापसाचा संबंध येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारा आणि बंद होणारा भाव टेलिप्रिंटरने मुंबईला येत असे. त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. म्हणूनच 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आजही आकड्याच्या धंद्यात आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तो भाव मिळेनासा झाला, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची पद्धत आली. पुढे पत्त्यांतून आकडा निघू लागला, तरी नाव मटकाच राहिले. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला आणि बघता बघता आकडा गावोगावच्या टपरीपर्यंत पोहोचला.

जरा विचार करा. कापूस पिकवायला जून ते दिवाळी आणि त्याही पुढे राबावे लागते. पेरणी, निंदणी, फवारणी, वेचणी, सगळ्यांत घरच्या बायामाणसांचे हात लागतात. त्याच कापसाच्या भावाचा आकडा मात्र कोणी पिकवत नाही, कोणी वेचत नाही. एकाच बोंडातून एक श्रमाचा आणि एक फुकटाचा, असे दोन धंदे निघाले. फुकटाच्या धंद्याला पैसा लागतो तो श्रमाच्याच धंद्यातून येतो.

तिसरी पायरी दूरचित्रवाणीची. १९९९ साली अमेरिकेत 'टीव्हीजी' नावाची वाहिनी सुरू झाली. दिवसभर निरनिराळ्या ठिकाणच्या घोड्यांच्या शर्यती दाखवायच्या आणि प्रेक्षकाने घरबसल्या खाते उघडून पैज लावायची, असा तिचा हेतूच होता. त्याच वर्षी फ्रान्समध्येही 'एक्विदिया' ही घोड्यांना वाहिलेली वाहिनी सुरू झाली. २००९ साली अमेरिकेतली ती वाहिनी एका पैज-कंपनीने विकत घेतली आणि २०२२ साली वाहिनीला एका पैज-कंपनीचेच नाव मिळाले. बातमी सांगणारा, अंदाज देणारा आणि पैसे स्वीकारणारा हे तिघे आता एकाच छपराखाली आहेत. दुकानदारच आपल्याला सल्ला देत असेल, तर "आज काही घेऊ नका, घरी जा" असे तो कधी सांगेल का?

आपल्याकडे अशी वाहिनी घराघरांत आली नाही, पण तिचे काम क्रिकेटच्या सामन्यांबरोबर येणाऱ्या जाहिरातींनी केले. पैज लावणाऱ्या परदेशी कंपन्या बातम्यांच्या संकेतस्थळाचे सोंग घेऊन जाहिरात करू लागल्या, तेव्हा २०२२ च्या जून आणि ऑक्टोबर महिन्यांत केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला त्याविरुद्ध सूचना काढाव्या लागल्या. आणि चौथी पायरी तर मोबाईलची. आता गाडीभाडे नाही, टपरीवर कोणी पाहील ही लाज नाही. रात्री अंथरुणात, बायको-मुले शेजारी झोपलेली असताना, चार आकड्यांचा पिन दाबला की झाले. रेसकोर्सचे कुंपण आपल्या उशापर्यंत सरकत आले आहे.

३. साधा हिशोब

मटक्यात एका आकड्यावर एक रुपया लावून तो आला, तर साधारण नऊ रुपये मिळतात. आकडे मात्र दहा आहेत. समजा एखाद्याने १०० रुपये घेतले आणि दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. एक आकडा येणारच, म्हणजे त्याला ९० रुपये मिळतील. तो कधीच हरला नाही, तरी त्याचे दहा रुपये गेले! उरलेले ९० पुन्हा असेच लावले, तर ८१ उरतील. असे दहा वेळा केले, की हातात सुमारे ३५ रुपये राहतात. बाकीचे ६५ रुपये चालवणाऱ्याच्या घरी गेले.

रेसकोर्सच्या टोटेचेही तत्त्व हेच. सर्वांचे पैसे एकत्र होतात, त्यातून चालवणाऱ्याचा हिस्सा आणि कर आधी कापला जातो आणि मग उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. एखादा माणूस एखाद्या दिवशी जिंकतो हे खरे. पण सगळे खेळणारे मिळून नेहमी हरतातच. हे नशीब नव्हे, ही वजाबाकी आहे. जिंकलेल्याची गोष्ट चौकात सांगितली जाते, हरलेल्याची गोष्ट चुलीपाशी राहते. म्हणून आपल्याला जिंकणारेच जास्त आहेत असे वाटते.

४. "यात डोके लागते"

काही तरुण म्हणतात, "हा नशिबाचा खेळ नाही, अभ्यासाचा आहे." या म्हणण्याला कायद्याचाही आधार होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो कायद्यातल्या 'जुगार' या शब्दाच्या अर्थाचा. श्रद्धावंतापुढचा प्रश्न वेगळा आहे. माझा अंदाज हुशारीचा आहे की नाही, हे विचारून आपली सुटका होत नाही. जे पैसे मी लावतो आहे ते कोणाचे आहेत? मी जिंकलो, तर कोणाच्या घरातून येणार आहेत? हे प्रश्न उरतातच.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात जुगाऱ्याला लुटारूच्या पंगतीत बसवले आहे. त्याचे कारण मननीय आहे: ज्या मित्रांना आपण काही द्यायला हवे, त्यांच्याकडूनच जुगारी कमाई करतो. आपल्या भारतीय परंपरेलाही हे दुःख ठाऊक आहे. ऋग्वेदात फाशांनी उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचे एक सूक्त आहे, आणि द्यूतात धर्मराज काय काय हरला हे तर लहान मुलालाही माहीत आहे. तो अडाणी नव्हता, दुष्टही नव्हता. 'आता पुढचा डाव माझा' या एका विचाराने त्याला पत्नीपर्यंत नेले.

५. ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४१३) या बाबतीत समतोल आहे. नशिबाचे खेळ किंवा पैज या गोष्टी मुळातच अन्यायाच्या आहेत असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पण स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेसाठी आवश्यक असलेले त्यात जाऊ लागले, की ते नीतीला धरून राहत नाही. शिवाय जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असाही इशारा तिथे दिलेला आहे.

मग सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात आपण हाऊजी खेळतो, त्याचे काय? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. संत थॉमस अक्विनास शिकवतात, की शरीराला जशी विश्रांती तशी मनाला करमणूक लागते. दहा-वीस रुपयांचे तिकीट, सगळ्यांच्या देखत खेळ, तासाभरात समाप्ती आणि गेलेल्या पैशांनी कोणाचे दूध-भाकर न अडणे, एवढे असेल तर ती करमणूक आहे. पण कोणी दहा-दहा तिकिटे घेऊ लागला, हरल्यावर चिडू लागला, उसने मागू लागला, तर हाऊजीही थांबवावी. मोजमाप एकच: हरल्यावर घरात कोणाला काही कमी पडते का, आणि घरच्यांपासून काही लपवावे लागते का?

बायबलमध्ये चिठ्ठ्या टाकण्याचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. प्रेषितांची कृत्ये, पहिल्या अध्यायात यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. तिथे आधी प्रार्थना आहे, कोणाचे काही हिरावले जात नाही आणि निवडलेल्याला सेवा मिळते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात शिपाई प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. वर क्रुसावर एक माणूस प्राण सोडतो आहे, खाली त्याच्या वस्त्रावर डाव चालला आहे. शिपायांनी मान वर केली असती, तर त्यांना तारणारा दिसला असता. जुगाराची हीच रीत आहे. जवळच कोणी तरी वेदनेत असते, पण खेळणाऱ्याची मान खाली असते. आपल्या घरी ती वेदना पत्नीची असेल, फी न भरलेल्या लेकीची असेल, औषध थांबलेल्या आबांची असेल.

६. कायदा आणि घर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने मनाई केली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण १८८७ च्या कायद्यानंतरही आकडा चालूच राहिला, हे आपण विसरू नये. कायदा दुकान बंद करतो, हाव बंद करू शकत नाही.

म्हणून घरांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

• कापसाचे किंवा मजुरीचे पैसे आले, की पती-पत्नीने एकत्र बसून आधी बियाणे-खताची उधारी, किराणा, फी आणि औषधपाणी बाजूला काढावे. बँक खात्याची माहिती दोघांनाही असावी.

• जुगारात अडकलेल्याच्या हातात रोख रक्कम उसनी देऊ नये. मदत करायचीच तर किराणा भरून द्यावा, शाळेची फी परस्पर भरावी.

• त्याला चारचौघांत अपमानित करू नये. लाजेने माणूस आणखी एक डाव खेळतो, प्रेमाने तो तोंड उघडतो. पापनिवेदनाला यावे, तिथे सांगितलेले बाहेर जात नाही. मन फारच खचले असेल, तर शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. डॉक्टरांची मदत घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

• लहान मुलांसमोर "लावतो का शंभराची?" अशी थट्टासुद्धा टाळावी.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१) गेल्या महिन्यात आपल्या घरातला कोणता खर्च दुसऱ्यापासून लपवला गेला? का?
२) आपल्या मोबाईलवर पैसे लावण्याचे एखादे ॲप आहे का? ते आजच काढून टाकता येईल का?
३) आपल्या ओळखीत कोणी कर्जात बुडाले असेल, तर त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?

बंधुभगिनींनो, पवित्र मिस्सामध्ये आपण भाकर अर्पण करतो आणि ती मानवी श्रमाचे फळ आहे असे मानतो. श्रमाच्या भाकरीला प्रभूने आपले शरीर होण्याचा मान दिला. ती भाकर आपल्या ताटातून कोणाच्याही आकड्यावर जाऊ नये, आणि गेलीच असेल तर ती परत मिळवण्याचे धैर्य प्रभू आपल्याला देवो. आमेन.