दूरदेशीचे सूर

पुणे जिल्ह्यात शिरूर आणि दौंड ही तालुक्याची दोन गावे आहेत. शिरूर घोड नदीच्या काठी, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. दौंड भीमेच्या काठी असून तेथे आगगाडीचे मोठे जंक्शन आहे. रस्त्याने आणि लोहमार्गाने या गावांत माणसे आली, माल आला. विसाव्या शतकाच्या मध्यास आणखी एका वाटेने पाहुणे येऊ लागले. ती वाट डोळ्यांना दिसत नसे. ती होती रेडिओच्या लहरींची.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. त्याचे कार्यक्रम मध्यम लहरींवरून येत. दिवसा या लहरी जमिनीलगत पसरतात. म्हणून त्या जवळच्या प्रदेशात चांगल्या ऐकू येतात. लघुलहरींची रीत निराळी आहे. त्या आकाशात उंच जातात. तेथे सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेल्या कणांचे थर असतात. चेंडू भिंतीवर आपटून परत यावा, तशा त्या लहरी या थरांवरून पृथ्वीकडे परत फिरतात आणि हजारो किलोमीटरांवर उतरतात. हे थर सारखे बदलत असल्यामुळे लघुलहरींवरील आवाज कधी मोठा होतो, कधी विरून जातो, तर कधी नुसतीच खरखर ऐकू येते.

१९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा असंख्य श्रोते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे वळले. याच लघुलहरींवर, रेडिओची सुई थोडी इकडेतिकडे सरकवली, की रात्री एक अनोळखी संगीत कानी पडे. त्याचे नाव जाझ.

जाझचा उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी ते घडवले. १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु अपमान संपला नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना आगगाडीत, शाळेत आणि उपाहारगृहात वेगळे बसवीत. थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९०१ मध्ये याच न्यू ऑर्लीन्समध्ये, अत्यंत गरिबीत झाला. मुलांच्या सुधारगृहात असताना तेथील बँडमध्ये ते कॉर्नेट वाजवू लागले. पुढे त्यांचे नाव जगभर झाले. १९६४ मध्ये त्यांनी मुंबईसही भेट दिली.

प्रथम ऐकणाऱ्यास जाझ हा गोंगाट वाटण्याचा संभव असतो. लक्षपूर्वक ऐकल्यास त्यातील शिस्त कळू लागते. आरंभी सर्व वादक मिळून एक चाल वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्या चालीचा स्वतःच्या मनाने विस्तार करतो. इतर वादक तोवर ताल सांभाळतात. शेवटी सर्वजण मूळ चालीवर परततात. आपला गवई बंदिशीचा विस्तार करून पुन्हा मुखड्यावर येतो आणि तबलजी ठेका धरून ठेवतो, त्याची येथे आठवण होते. दोन्हीकडे आयत्या वेळी सुचलेल्याला मोल आहे. म्हणूनच दोन्हीकडे एकमेकांचे ऐकावे लागते.

जाझ घरोघर पोहोचविणाऱ्यांत विलिस कॉनोवर यांचे नाव मोठे आहे. १९५५ पासून ते ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीवरून जाझचा कार्यक्रम सादर करीत. इंग्रजी थोडेच जाणणाऱ्यांनाही समजावे, म्हणून ते मुद्दाम सावकाश व स्पष्ट बोलत. त्यांचे श्रोते अनेक देशांत पसरले होते. मात्र ही नभोवाणी परदेशांसाठी असल्यामुळे त्यांच्या स्वदेशातील फार थोडे लोक त्यांना ओळखत.

जाझचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्यांच्याही कानी त्याचे सूर पडले होते. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुणतांबे हे गाव लागते. संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म येथे १९१८ मध्ये झाला. १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटातील त्यांच्या संगीतात गोव्याचे ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ यांच्या वाद्याची साथ होती. लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. अमेरिकेतील जाझ, गोव्याचा वादक आणि पुणतांब्याचा संगीतकार असे एका गाण्यात एकत्र आले.

आज हे संगीत हवे तेव्हा ऐकता येते. रेडिओच्या श्रोत्यास मात्र ठरलेली वेळ पाळावी लागे आणि खरखरीतून सूर वेचून घ्यावा लागे. ज्यांना स्वतःच्या देशात सर्वांच्या शेजारी बसण्याची मुभा नव्हती, त्यांचे सूर समुद्र ओलांडून परक्यांच्या घरात पोहोचले. लहरींना शिवाशीव ठाऊक नसते. ती माणसाच्या मनात असते, आणि परक्याचे नीट ऐकून घेतल्याने ती दूर होऊ लागते.

स्वाध्याय
१. लघुलहरी दूरवर कशा पोहोचतात?
२. जाझ आणि आपले गायन यांत कोणते साम्य आहे?
३. ‘लहरींना शिवाशीव ठाऊक नसते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.